कोनाड्यातला स्पीकर

माईकसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचं तोंड आधी हुंगावं आणि मगच त्याला बोलू द्यावं, असं शरणबसप्पाचं ठाम मत होतं. हे मत तो मनात ठेवत नसे. गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायचा, आणि त्यामुळं तुळजापुरातली निम्मी लग्नं त्याच्या हातची जायची. एस्टी स्टँडमागं त्याचं दुकान होतं, मागच्या खोल्यांत घर. लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे, रेडिओ दुरुस्त करायचे. नवरात्र संपलं की बाहेर गेलेले माईक परत यायचे आणि तो एकेकाची जाळी उघडून बसायचा. आत काय नसायचं? तंबाखूचा चुरा, पानाचा लाल चिकटा, मिशीचा एखादा केस, आणि वर दहा दिवस शिळ्या थुंकीचा वास. नाकाला फडकं बांधून तो स्पिरिटचा बोळा फिरवायचा आणि मधेच उठून मागच्या दारी ओकाऱ्या काढून यायचा.

“भाषणं करायलेत का चुळा भरायलेत?” तो बायकोला म्हणायचा.

“तुमाला कशाची किळस येत न्हाई ते एकदा सांगून टाका,” नागम्मा म्हणायची. “म्हंजे तेवढंच रांधत जाईन.”

खरं तर थुंकीचं काहीच नाही. त्याला खरी शिसारी यायची ती गावातल्या आवाजाची. कर्णा पिंपळावर टांगायचा, मशीनची बटणं शेवटपर्यंत पिळायची, आणि गाणाऱ्या बाईचा गळा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वेशीबाहेर न्यायचा. याला लोक ‘आवाज लई क्लिअर हाय’ म्हणायचे. असले कान देवानं दिलेत तरी कशाला, भिकबाळी टोचायला? असं शरणबसप्पा विचारायचा, आणि आपल्यालाही त्याचं उत्तर सुचत नाही.

स्वतः तो मात्र नवा स्पीकर आला की महिनाभर कामाला लावत नसे. आधी त्याची खोड ओळखायची. बाजारातून आणलेला बैल लाथ झाडतो का, एका अंगाला ओढतो का, हे बघितल्याशिवाय कुणी त्याला औताला जुंपतं का? सोलापुराहून त्यानं लाकडी खोक्यातला एक मोठा स्पीकर आणला, तेव्हा नागम्माला मागच्या खोलीत माईकसमोर बसवलं आणि ज्वारी निवडता निवडता बोलत राहायला सांगितलं. एकदा दारात उभं राहून तिचा खरा आवाज ऐकायचा, मग दुकानात येऊन खोक्यातला ऐकायचा. पुन्हा दारात, पुन्हा दुकानात. तांब्या आपटून बघितला. रस्त्यानं जाणारे संबळवाले चहा पाजून आत बसवले. एकच रेकॉर्ड इतक्यांदा लावली की शेजारच्या कुंकवाच्या दुकानदारानं येऊन हात जोडले.

महिन्यानं त्याला कळलं ते असं. हा स्पीकर खालच्या आवाजाचा हावरा आहे. ढोल-संबळाचा घुमारा असेल त्याच्या सव्वापट करून सांगतो, आणि भिंतीला टेकवला तर दीडपट. म्हणून त्यानं त्याची जागा ठरवून टाकली: टेबलावर, भिंतीपासून दोन हात लांब. तिथून तो काय बोलतो आणि त्यातलं किती धरायचं, हे शरणबसप्पाला पाठ झालं होतं. “खोटं बोलू दे की,” तो म्हणायचा. “किती खोटं बोलतो ते कळलं म्हंजे झालं. मग त्याच्यासंगं काम करता येतंय.”

एवढं सगळं कळत होतं, आणि माती खाल्ली ती त्यानंच. दुसऱ्या कुणी खाल्ली असती तर सांगायला मजा आली असती.

एकसष्ट सालचा पावसाळा सरत आला होता. एका सोमवारी जळकोटचा हरिबा आणि त्याची बायको धुरपताबाई दुकानात आली. आराधी मेळ्यातली ही जोडी. देवीची गाणी ती म्हणायची आणि संबळ तो वाजवायचा, तीस वर्षं झाली. धुरपताबाईचा गळा गोड मुळीच नव्हता. भरदार होता, जाडाभरडा, आणि कडव्याच्या शेवटी ती श्वासाला थांबायची तेवढ्यात हरिबा संबळाच्या मोठ्या भांड्यावर वाकडी काडी घासून असा घुमारा काढायचा की ती थांबलीय हे कुणाला कळायचंच नाही. मग तो घुमारा उतरत आला की त्यातूनच तिचा पुढचा शब्द वर यायचा. दोघांचं म्हणून एक गाणं होतं ते. शरणबसप्पाला अख्ख्या तालुक्यात ज्या आवाजाची किळस येत नव्हती तो हाच.

“आप्पा, हिच्या गळ्यात गाठ हाय,” हरिबा म्हणाला. “सोलापूरचा डॉक्टर बिस्तरवारी चिरनार. गाठ निघंल म्हनतो, पर आवाज ऱ्हायाचा न्हाय.”

धुरपताबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिचं बोलणं घोगरं झालं होतं, पण म्हणायला लागली की अजून फुटायचं नाही, असं हरिबानं सांगितलं. “तुमच्याकडं ते टेपचं मशीन हाय म्हनं,” ती म्हणाली. “येक गाणं धरून ठेवा आमचं. माजं एकटीचं नगं. आमच्यात संबळाबिगर देवीचं म्हनत न्हाईत. दोघांचं असंल तसं ऱ्हाऊ द्या, म्हंजे मी चिरून घ्यायला मोकळी.”

“राहील मावशी,” शरणबसप्पा म्हणाला. “जसं आहे तसं राहील. शब्द माझा.”

दुकानात हे काम होण्यासारखं नव्हतं. दर दहा मिनिटांनी एस्टीचा भोंगा. शांत जागा म्हणजे देवळाच्या अंगाची दगडी धर्मशाळा, आणि धर्मशाळा म्हणजे बाबूराव. बाबूराव निजामाच्या अमलात कोर्टात पेशकार होते. तेव्हा अंगात शेरवानी, आता खादी; तोंडातलं पान दोन्ही राजवटींत तेच. मराठी राज्य झाल्यापासून ते कला मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळात दुसरं कोण होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गाणं चालू असताना मधेच ‘वाहवा’ म्हणायची त्यांना खोड, आणि त्या वाहवाबरोबर पानाचे शिंतोडे समोरच्याच्या सदऱ्यावर. शरणबसप्पा त्यांच्याशी बोलताना तीन हात लांब उभा राहायचा.

“बेशक, बेशक,” बाबूराव म्हणाले. “मंडळातर्फेच करू. मंगळवार आहे उद्या, देवीचा वार. सगळा बंदोबस्त माझ्याकडं.”

शरणबसप्पाचा बेत सरळ होता. बाहेरच्या ओसरीत दोघांनी बसायचं, एक माईक बाईपुढं, एक संबळापुढं. आतल्या खोलीत दार लावून मशीन आणि स्पीकर. त्याच्या हाताशी दोन बटणं. एकानं गळा कमीजास्त करायचा, दुसऱ्यानं संबळ. दोन्हींचा मेळ स्पीकरवर ऐकून ठरवायचा आणि मग टेप सोडायची. एकदा टेपवर दोन्ही मिसळलं की पुन्हा वेगळं काढता येत नाही, हे त्यानं हरिबाला आधीच समजावलं होतं. स्पीकर ठेवायला त्यानं घरून लाकडी स्टूल उचलून आणलं. खोलीच्या मधोमध मांडलं, भिंतीपासून दोन हात मोजून. स्पीकर त्यावर ठेवला आणि वायरीचं वेटोळं आणायला बाहेर गेला.

परत आला तर स्टूल रिकामं. स्पीकर दगडी भिंतीतल्या खोल कोनाड्यात बसलेला, गळ्यात झेंडूची माळ, जाळीच्या वर हळदीकुंकवाची बोटं, पुढं उदबत्ती आणि फोडलेला नारळ. नारळाचं पाणी वायरीपर्यंत आलेलं.

“हे कुणी केलं?”

“अहो, देवीचं गाणं येणार ना त्यातून?” बाबूराव म्हणाले. “आणि तुम्ही तो स्टुलावर ठेवता? माणसं ढुंगण टेकतात त्या जागेवर? लाज आहे का नाही काही?”

“कोनाड्यात हा खालचा आवाज दुप्पट फुगवून सांगतो. मला खरं काय ते कळायचं नाही. खाली घ्या.”

“पूजा झाली. नारळ फुटला. आता उत्तरपूजा होईस्तोवर हलवता येणार नाही.” बाबूरावांनी उजव्या गालातला विडा डाव्या गालात नेला. “तुमच्या मशीनसाठी मी पाप घेऊ का डोक्यावर?”

शरणबसप्पानं धुरपताबाईकडं बघितलं. तिनं सांगितलं असतं तर बाबूरावांची बोलती बंद झाली असती. पण जाळीवरचं कुंकू तिच्याच बोटाचं होतं. “ऱ्हाऊ द्या आप्पा,” ती म्हणाली. “देवीच्या जागी बसलाय त्यो. चांगलंच हुईल.”

अजूनही काही बिघडलं नव्हतं, हे ध्यानात घ्या. स्पीकर हलला नाही तर नाही. दुकानात महिनाभर केलं तेच इथं अर्धा तास करायचं होतं. हरिबाला वाजवायला लावायचं, ओसरीत उभं राहून खरा संबळ ऐकायचा, आत येऊन कोनाड्यातला ऐकायचा, चारदोन वेळा आतबाहेर करायचं, आणि या नव्या जागी हा किती थापा मारतो ते मनात धरायचं. दुसरं काही लागत नव्हतं. त्यानं सुरुवातही केली. एकदा बाहेर जाऊन आला. तेवढ्यात बाबूराव दारात येऊन घड्याळ दाखवायला लागले. तीनची सोलापूर गाडी. बाईंचा गळा दमतोय. आणि बाहेर धुरपताबाई खरंच खोकत होती.

बरं, ही सगळी कारणं खरी धरली तरी आणखी एक होतं, आणि ते शरणबसप्पानं पुढं कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. कोनाड्यातला तो आवाज त्याला आवडला होता. दगडातून असा भरून, असा दाटून येत होता की अंगावर काटा आला. आपल्या हातून एवढा मोठा आवाज निघतोय, हे त्याला गुळासारखं लागलं. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या कानांच्या नावानं थुंकत आला होता, तो स्वतःचे कान बाबूरावांच्या नारळाशेजारी ठेवून मोकळा झाला.

मग व्हायचं ते झालं. कोनाड्यात संबळाचा घुमारा एवढा माजला की त्यात बाईचे शब्द बुडायला लागले. शरणबसप्पानं संबळाचं बटण खाली घेतलं. तरी घुमतोच. अजून खाली घेतलं. मग दार किलकिलं करून म्हणाला, “काका, जरा मागं सरका.”

हरिबा सरकला.

“अजून.”

“अजून मागं?” हरिबानं विचारलं. तो पायऱ्यांपर्यंत गेला होता. तिथं सगळ्यांच्या चपला होत्या. त्यानं त्या हातानं बाजूला सारल्या, डोक्याचा पटका सोडून खाली घडी केली आणि तिच्यावर संबळ ठेवला. त्याचा माईक मात्र ओसरीच्या मधे होता तिथंच राहिला. आत मेळ आता झकास जमला होता. गळा वर, संबळ खाली, जसं पाहिजे तसं. शरणबसप्पानं टेप सोडली.

धुरपताबाईनं एका हातानं कान झाकला आणि म्हटलं. अकरा मिनिटं. एकदाही गळा फुटला नाही. हरिबा चपलांमधून तिच्याकडं बघत वाजवत होता. शेवटच्या कडव्याला बाबूराव तोंड उघडून वाहवा म्हणणार होते, ते दाराच्या फटीतून बघून शरणबसप्पानं धावत येऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. हाताला पान लागलं. तो हात त्यानं भिंतीला पुसला.

मग आत बसून सगळ्यांनी ऐकलं. काय आवाज आला म्हणून सांगू! हरिबा रडला. धुरपताबाई नाही रडली, पण कोनाड्याला डोकं टेकवून म्हणाली, “आता खुशाल चिरा म्हनावं.” तीनच्या गाडीनं दोघं सोलापूरला गेली.

त्याच संध्याकाळी शरणबसप्पानं ती टेप घरी नेऊन आपल्या टेबलावर, भिंतीपासून दोन हात लांबच्या जागी ऐकली असती, तर बुधवारच्या पहिल्या गाडीनं सोलापूर गाठून दोघांना परत आणता आलं असतं. ऑपरेशन गुरुवारी होतं. पण स्पीकर कोनाड्यात अडकलेला. उत्तरपूजा शुक्रवारी, देवीच्या दुसऱ्या वारी. आणि बुधवारी बाबूरावांनी गावातले चार प्रतिष्ठित लोक बोलावले, कोनाड्यापुढं टेप लावली आणि शरणबसप्पाला शाल पांघरली. त्यानं ती पांघरून घेतली. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा शहाणा शेंड्यापर्यंत गेला. गुरुवारीही टेप लागली, नव्या लोकांसाठी. सोलापुरात तिकडं गळा चिरत होते आणि हा इकडं पेढा खात होता.

शुक्रवारी उत्तरपूजा झाली. स्पीकर घरी आला. त्यानं जाळीवरचं कुंकू पुसलं, तो टेबलावर ठेवला आणि टेप लावली. नागम्मा चहा घेऊन आली होती.

पहिल्याच कडव्याला त्यानं चहाकडं नेलेला हात मागं घेतला. बाईचा आवाज नागडा, कोरडा, नाकातून आल्यासारखा. भांडायला उभी राहिलेली बाई जसा सूर लावते तसा. कडवं संपलं, ती थांबली, आणि तिथं नुसतं भगदाड. लांब कुठंतरी कुणी डब्यावर नखं वाजवतंय एवढंच. मग पुन्हा तो कोरडा आवाज कुठूनच न उठता मधेच सुरू व्हायचा.

“हरिबा कुठाय ह्यात?” नागम्मानं विचारलं.

त्यानं बटणं फिरवून पाहिली. खालचा आवाज वाढवला तर मशीनची गुणगुण वाढली, संबळ नाही आला. जे टेपवर गेलंच नव्हतं ते कुठून येणार? अकरा मिनिटं तो बसून राहिला. मग मागच्या दारी गेला. या खेपेला नाकाला फडकं नव्हतं आणि समोर कुणाचा माईकही नव्हता. त्याला आपल्याच हातांची, आपल्याच कानांची, त्या शालीच्या वासाची शिसारी आली होती. नागम्मानं पाणी नेऊन दिलं तर म्हणाला, “हात नको लावूस मला.”

सोमवारी तो बाबूरावांकडं गेला आणि काय झालं ते सांगितलं. बाबूरावांनी शांतपणे ऐकलं, पिंक टाकली.

“एवढंच ना? मग इथंच ऐकवा की त्यांना. कोनाड्यात फर्स्टक्लास वाजतं. त्या खेडुतांना काय कळणार? दोघं आनंदानं ऐकतील, आनंदानं घरी जातील. कुणाचं काय बिघडलं?”

एवढं ओंगळ बोलणं शरणबसप्पानं आजवर ऐकलं नव्हतं. आणि त्याहून ओंगळ हे, की पुढचे पंधरा दिवस तो तसंच करायचा विचार करत होता. जेवताना करायचा, माईक पुसताना करायचा. कोनाड्यापुढं दोघांना बसवू, डोळे मिटून ऐकतील, कळणार नाही. एकदा तर धर्मशाळेपर्यंत जाऊन, किल्ली मागून, परत आला.

महिन्यानं हरिबा आणि धुरपताबाई सोलापुराहून सुटून देवीच्या दर्शनाला आली आणि तिथून दुकानात. तिच्या गळ्याभोवती पांढरं फडकं होतं, आणि फडक्याखाली भोक ठेवलेलं होतं, श्वासाला. आत-बाहेर होताना त्याचा ओलसर आवाज यायचा. ती हसली. बोलायला तिला काहीच येत नव्हतं.

“बाबूराव भेटले देवळात,” हरिबा म्हणाला. “धर्मशाळंत या म्हनले, तिथं ऐकवतो.”

शरणबसप्पानं मागं वळून बघितलं. मागच्या खोलीतनं नागम्मा बघत होती. तो म्हणाला, “इथंच ऐका, काका.”

त्यानं टेप लावली. धुरपताबाई मान कलती करून बसली. पहिलं कडवं झालं तेव्हा तिनं आधी खोक्याकडं बघितलं, मग हरिबाकडं. दुसरं झालं तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं, नासलेलं काही जिभेवर आल्यासारखं. हरिबा मात्र अजून आपल्याला शोधत होता. पुढं सरकून त्यानं जाळीला कान लावला.

“म्या वाजवत हुतो की, आप्पा,” तो म्हणाला. “हात दुखेस्तवर वाजवलं. गेलं कुठं?” आणि मग शरणबसप्पाचा चेहरा बघून त्यानंच समजूत घातली. “यंत्रच ते. चुकायचंच. तुमी तरी काय करनार?”

एवढं सोपं करून दिलं होतं म्हाताऱ्यानं. हो म्हटलं की सुटला.

“यंत्र नाही चुकलं,” शरणबसप्पा म्हणाला. “मी चुकलो. कोनाड्यात तुमचा संबळ मोठा वाटला, म्हणून मी तुम्हाला चपलांत बसवलं आणि बटण खाली घेतलं. तिथं कसं ऐकू येतं ते आधी बघायला पाहिजे होतं. मला ठाऊक होतं. बघितलं नाही. आवाज मला आवडला म्हणून बघितलं नाही.”

हरिबानं पिशवीतून संबळ काढला, कमरेला बांधला आणि म्हणाला, “लावा पुन्हा. म्या वाजवतो संगं.”

लावली. दोन ओळी बरं चाललं. मग कडव्याचा शेवट आला, हरिबानं घुमारा धरला, लांबवला, आणि तो उतरायच्या आतच टेपमधली धुरपताबाई पुढं निघून गेली. त्यानं घाईनं गाठलं, पुन्हा मागं पडला. तिसऱ्या कडव्याला काड्या खाली ठेवल्या.

“ही माझ्यासाठी थांबंना,” तो म्हणाला.

तेव्हा धुरपताबाई पुढं वाकली. फरशीवर तळहात ठेवला आणि पाटी पुसावी तसा उभा-आडवा फिरवला. मग बोट टेपकडं केलं.

“पुसा म्हनती,” हरिबा म्हणाला.

“नको मावशी. तुमचा आवाज आहे यात, दुसरीकडं कुठंच नाही. काकांचा संबळ मी वेगळ्या टेपवर घेतो. ही राहू द्या.”

ती पुन्हा फरशी पुसायला लागली. या खेपेला जोरात, बांगड्या वाजतील इतक्या जोरात. फडक्याखालून श्वास घरघरत होता.

“संबळाबिगर न्हाय ऱ्हायचं,” हरिबा तिच्या वतीनं म्हणाला. “तिचं ठरलंय, आप्पा. करा.”

शरणबसप्पानं केलं. दोघांना मागच्या खोलीत समोरासमोर बसवलं, माईक मधे ठेवला. हरिबाला वाजवायला लावलं. दारात उभं राहून खरा संबळ ऐकला, टेबलापाशी येऊन खोक्यातला ऐकला. पुन्हा दारात, पुन्हा टेबलापाशी. सहा वेळा, सात वेळा. कुणी घाई केली नाही. स्पीकर जेवढं वाढवून सांगत होता तेवढं त्यानं मनात वजा केलं, बटण होतं तिथंच पक्कं केलं, आणि जुन्या गाण्यावरच नवं घ्यायला टेप पहिल्यापासून सोडली. टेप पुढच्या चाकावर गुंडाळत जाईल तशी तिच्यावरली धुरपताबाई हात-हात पुसली जात होती.

हरिबा वाजवत होता आणि ती त्याच्यासमोर बसून नुसते ओठ हलवत होती. कान एका हातानं झाकलेला. ती ओठ मिटायची तिथं तो घुमारा धरायचा, ती उघडायची तिथं उतरवायचा. मधे एकदा सोलापूर गाडीचा भोंगा आला, तो शरणबसप्पानं तसाच राहू दिला. अकरा मिनिटं झाली आणि टेप थांबली.

धुरपताबाईनं खूण केली, लावा.

त्यानं लावली. एवढं बिनचूक काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं. काडीची घासट, चामड्याची थरथर, सगळं जसंच्या तसं, हरिबा खोक्यात बसून वाजवतोय असं. हरिबानं मान हलवली. धुरपताबाईनंही हलवली, दोनदा, समाधानानं. मग कडव्याचा शेवट आला, घुमारा खाली उतरला, शब्द यायचा त्या जागी टेप मोकळी झाली, आणि तिच्या गळ्यातल्या भोकाचा श्वास आत गेलेला, बाहेर आलेला, खोक्यातून स्वच्छ ऐकू आला.